गुरुवारच्या बारा पास्ट्या

एल्वा पॅस्कोला सगळं पेनरॉय गाव 'एल्वा आंटी' म्हणतं. नात्यानं ती कोणाचीच आंटी नाही. नवरा वॉलरू बंदराच्या धक्क्यावर जहाजांत गव्हाची पोती चढवायचा, तो बासष्ट साली गेला. मूलबाळ झालं नाही. चॅपलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, परसात एक लिंबाचं झाड आणि स्वयंपाकघरात एक जुना ओव्हन, ज्याचं दार दोरीनं बांधून ठेवावं लागतं. दर गुरुवारी पहाटे उठून ती त्या ओव्हनमध्ये पास्ट्या भाजायची. हे एकतीस वर्षं चाललं.

पास्टी आमच्याकडे घरोघरी होते. मैद्याची जाड पोळी लाटायची, अर्ध्या भागावर मांसाचे तुकडे, बटाटा, कांदा, सलगम पसरायचं, दुसरा अर्धा भाग वरून घ्यायचा आणि करंजीसारखी मुरड घालायची. फक्त ही करंजी वीतभर लांब असते. भाजण्याआधी डाव्या टोकावर उरलेल्या पिठाचं एक अक्षर चिकटवायचं, खाणाऱ्याच्या नावाचं. आमचे पणजोबा तांब्याच्या खाणीत उतरायचे तेव्हापासूनची ही रीत. माणूस उजव्या टोकाकडून खायला सुरुवात करी. अर्धी उरली तर अक्षरासकट कुठल्यातरी कपारीत ठेवी, आणि चार तासांनी परत आला तरी ती त्याचीच असे. खाण एकोणीसशे तेवीस साली बंद झाली. अक्षरं राहिली.

एल्वा आंटीच्या पास्ट्या अकरा घरांत जायच्या. कोणाचे हात थरथरायचे, कोणाची बायको गेलेली, एकीचा नवरा घरातलं होतं-नव्हतं ते पिऊन टाकायचा. ती याला सेवा वगैरे म्हणत नसे. 'गुरुवारचं' म्हणायची. "गुरुवारचं आटोपलं की येते," "गुरुवारचं मांस आणायचंय." अकरा झाल्यावर ती एक बारावी करायची, तिच्यावर 'ई', इंग्रजीतल्या एल्वाचं पहिलं अक्षर. तो तिचा दुपारचा डबा असावा असं मी धरून चालले होते.

माझा यात शिरकाव चार वर्षांपूर्वी झाला. आंटी सायकलवरून पडली होती, आणि उपासनेनंतर पाळकांनी विचारलं, गुरुवारी कोणाची गाडी मोकळी असते? सगळ्यांनी स्तोत्रांच्या पुस्तकात माना घातल्या. माझी तेवढी वर राहिली. शाळेत मी तीन दिवस शिकवते, गुरुवार माझा सुटीचा.

खरं सांगायचं तर मला त्या फेरीचा कंटाळा यायचा. उन्हात तापलेली गाडी, मागच्या सीटवर कांद्याचा वास, प्रत्येक दारात आंटीची दहा मिनिटं. शेवटचं घर जॅबेझ उरेनचं, खाणीच्या लाल मातीच्या ढिगाऱ्यापलीकडे. तिथं ती टोपली घेऊन आत जायची ती तासभर बाहेर यायची नाही. मी गाडीत बसून वह्या तपासायचे आणि मनात म्हणायचे, एवढं काय बोलतात देव जाणे.

मग तिच्या डोळ्यांचं निघालं.

काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा होता. ॲडलेडच्या हॉस्पिटलनं दोनदा तारीख दिली, दोन्ही तिनं मोडल्या. पहिल्यांदा जॅबेझला न्यूमोनिया झाला म्हणून. दुसऱ्यांदा चॅपलच्या बायकांनी आळीपाळीनं फेरी करायचं ठरवलं, पहिल्याच आठवड्यात दोघींना एकमेकींचा गुरुवार वाटला आणि अकरा घरं उपाशी राहिली, म्हणून. आंटी तेव्हा बसमध्ये बसलेली होती. कोणीतरी खिडकीतून सांगितलं आणि ती उतरून घरी आली.

तिसऱ्या तारखेचं पत्र आलं तेव्हा कडीना गावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ही चुकली तर पुढची चार महिन्यांनी," ते म्हणाले. "तोवर उजव्या डोळ्यात वाचवण्यासारखं काही उरायचं नाही. आणि ऑपरेशननंतर सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, ओव्हनजवळ जायचं नाही. त्यांना समजावा."

"मला नका सांगू, डॉक्टर. माझं माझी स्वतःची मुलगीही ऐकत नाही."

त्या रविवारी चॅपलच्या हॉलमध्ये बायकांची बैठक झाली. महिला मंडळाची प्रमुख व्हर्ना. मोठी कर्तबगार बाई, वाईट नाही, पण तिला प्रत्येक दुःखावर एक समिती नेमावीशी वाटते.

"मी म्हणते, बेकरीतून घेऊ," व्हर्ना म्हणाली. "सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे. खोक्यात घालायच्या, दारात ठेवायच्या, घंटा वाजवायची, पुढं."

"घंटा वाजवून पळायला आपण काय शाळेतली पोरं आहोत?" आंटी म्हणाली.

"एल्वा, पोटाला पास्टी कुठली ते कळत नाही."

"तुझ्या पोटाला कळत नसेल, व्हर्ना. तू काहीही खातेस, दिसतंच आहे."

सगळ्या हसल्या. व्हर्नाही हसली, पण तिचे कान लाल झाले. आंटी खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि मला दिसलं की ती खिडकीकडे नाही, खिडकीच्या जरा बाजूला, भिंतीकडे बघते आहे. तिला फरक कळत नव्हता.

"मी करीन," मी म्हणाले.

"काय करशील?" आंटीनं मान न वळवता विचारलं.

"पास्ट्या. माझ्या ओव्हनमध्ये. सहा आठवडे."

"तुला येतात?"

"माझी आजी कॅम्बोर्नची होती, आंटी. पास्टी तिकडचीच."

"आजी येणार आहे का करायला?"

पण ती तयार झाली. मला वाटतं ती दमली होती. मीही दमले होते, म्हणून तर बोलून गेले. ताजंतवानं माणूस असा शब्द देत नाही.

मंगळवारी सकाळी मी तिला बसवर सोडायला गेले. कागद आणला होता, तिनं लिहू दिलं नाही, पाठ करून घेतलं. मिसेस बेनीला दात नाहीत, तिचं मांस बारीक कापायचं. डॉसनकडे कांदा नको. कॅरीकडे मागच्या दारानं, नवरा पुढच्या खोलीत असतो. बसच्या पायरीवर चढल्यावर ती वळली.

"आणि अक्षरं विसरू नकोस."

"नाही विसरणार. तुम्ही शुक्रवारी सकाळी नऊला शांतपणे टेबलावर झोपायचं. समजलं?"

"पोरी, जॅबेझनं खाल्लं की नाही एवढं मला कळव. तो नाही म्हणाला तर आठवडाभर चहापावावर राहतो. मागच्या हिवाळ्यात तसाच पडला होता." बस सुटली तरी ती बोलतच होती.

माझी मुलगी टॅमसिन ॲडलेडला नर्सिंग शिकते. एकोणीस वर्षांची आहे, आणखी तिघींबरोबर एका जुनाट घरात राहते. रविवारपासून तिच्याकडे फोन कोणी उचलत नव्हतं. एल्वा आंटीला हॉस्पिटलात भेटून ये एवढंच सांगायचं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते. खरं म्हणजे मला तिचा आवाज ऐकायचा होता. ती जेवते का, रात्रीच्या पाळीनंतर एकटी चालत येते का, ते जिन्यातलं सैल पायपुसणं कोणी काढलं का. नवरा म्हणाला, "लॉरेल, चार दिवसच झालेत." ज्याला पाचवा दिवस दिसत नाही तो माणूस सुखी.

गुरुवारी मी पहाटे पीठ मळलं. एका हातात फोनचा रिसीव्हर, एका हातात लाटणं. रिंग वाजत राही, मी परत लावी. अकरा पास्ट्या मुरड घालून ताटात मांडल्या तेव्हा ओव्हन केव्हाचा तापून बसला होता. अक्षरं करायची राहिली होती. पिठाच्या बारीक वळ्या करायच्या, ओल्या बोटानं चिकटवायच्या, भाजताना सुटू नयेत म्हणून दाबायच्या. अकरा वेळा. मी विचार केला, आणि विचार करायची सवय मला कॉलेजानं लावली आहे: अक्षरं कशासाठी असतात? खाणीत अदलाबदल होऊ नये म्हणून. इथं एका घरात एक पास्टी जाणार. अदलाबदल व्हायला दुसरी आहेच कुठं? ताट तसंच आत सरकवलं.

दहा घरांनी काही म्हटलं नाही. मिसेस बेनीनं पास्टी हातात घेऊन टोकावरून अंगठा फिरवला आणि "थँक यू, डिअर" म्हणाली, एरवी ती बरंच बोलते. मी घाईत होते. जॅबेझ उरेनकडे पोचले तेव्हा एक वाजला होता.

तो एक्याऐंशी वर्षांचा, उभा सरळ, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. जाळीचं दार त्यानं अर्धंच उघडलं. मी फडका बाजूला करून पास्टी पुढे केली. त्यानं ती घेतली नाही, वाकून बघितली.

"ही कोणाची?"

"तुमचीच, मिस्टर उरेन."

"असं कुठं लिहिलंय?"

"अहो, टोपलीत एकच उरलीय. तुमचीच असणार ना."

"उरलीय," तो म्हणाला. "बरोबर. उरलेलं वाटायला निघालीस."

"तसं नाही. घाई झाली, म्हणून अक्षर..."

"तेवीस साली खाण बंद झाली तेव्हा बिनअक्षराच्या खूप खाल्ल्या आम्ही. हॉलच्या दारात रांग लावून. ज्याला जी मिळेल ती. माझी आई घरी आणून त्यावर सुरीच्या टोकानं आमची नावं कोरायची." त्यानं दार ओढून घेतलं. "कुत्र्याला घाल, मास्तरीणबाई. त्याला वाचता येत नाही."

मी जाळीबाहेर उभी राहिले. राग आला, रडूही आलं. सकाळी पाचपासून उभी होते, पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि हा म्हातारा मला पिठाच्या एका वळीसाठी परत पाठवत होता. टोपली गाडीत आपटून मी घरी आले.

सहाच्या सुमाराला फोन वाजला. टॅमसिन असेल म्हणून मी धावले. आंटी होती, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून.

"झालं गुरुवारचं?"

"झालं, आंटी."

"मिसेस बेनीला चावली?"

"हो."

"जॅबेझ?"

मला तिची खोली माहीत नव्हती, तरी सगळं दिसलं. पलंगाखाली तिची बॅग, अजून न उघडलेली. इकडे येणारी बस पहाटे साडेसहाला सुटते, ऑपरेशन नऊला. मी 'नाही' म्हटलं असतं तर ती उद्या दुपारी इथं पीठ मळत असती, आणि पुढच्या वर्षी तिला भिंत आणि खिडकी यांतला फरक कोणीच शिकवू शकलं नसतं.

"खाल्ली," मी म्हणाले. "पूर्ण खाल्ली."

तिकडे रिसीव्हर या कानावरून त्या कानावर गेल्याची खरखर झाली. मग ती म्हणाली, "बरं. मग झोपते मी," आणि ठेवला.

मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. थोडा वेळ बसले. मग उठले आणि उरलेलं पीठ काढलं. मांस मूठभरच होतं, बटाटा जास्त घातला. एकच पास्टी झाली. 'जे' अक्षर दोनदा तुटलं, तिसऱ्यांदा टिकलं. भाजून होईपर्यंत ओव्हनसमोर उभी राहिले. बोललेलं निदान उजेड आहे तोवर खरं करावं, एवढीच बुद्धी उरली होती.

जॅबेझनं दार उघडलं. पास्टीकडे बघितलं.

"वाकडंय."

"मीही आता वाकडी झालेय, मिस्टर उरेन. घ्या."

त्यानं घेतली. दोन्ही हातांनी, गरम असूनही. मी वळणार तेवढ्यात म्हणाला, "आणि तुझी?"

"माझी कसली?"

"आत ये. माश्या येतात."

चार वर्षांत मी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं. एक टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर दोन बशा, दोन सुऱ्या, मधे मिठाची वाटी. सकाळपासून मांडलेलं असावं, कारण बशांवर बारीक लाल धूळ बसली होती. त्यानं दोन्ही बशा बाहीनं पुसल्या.

"दुसरी कोणाची?" मी विचारलं.

"टोपली ज्याच्या हातात त्याची. एल्वा तिची घेऊन येते ना."

बारावी पास्टी. 'ई'.

"ती इथं जेवते?"

"मग चार वर्षं तू गाडीत बसून काय करायचीस?"

"वह्या तपासायचे."

"पास झालं का कोणी?"

मला हसू आलं आणि ते मधेच मोडलं. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही, खुर्ची ओढून दिली. "एल्वा पहिल्यांदा आली तेव्हा तिलाही हाकललं होतं मी," तो म्हणाला. "अक्षर होतं, तरी. पुढच्या गुरुवारी परत आली. म्हणाली, जॅबेझ, मला भूक लागलीय, माझी माझ्याजवळ आहे, नुसतं बसू दे. आता बाईमाणसाला बसू नको कसं म्हणणार? खरंच भूक होती की नाही, देवाला ठाऊक. तेव्हापासून बसते."

त्यानं पास्टी मधोमध कापली. अक्षराचं टोक स्वतःकडे ठेवलं आणि दुसरा अर्धा भाग माझ्या बशीत सरकवला.

"नको, तुम्ही खा. ती तुमची आहे."

"माझी आहे म्हणूनच देतोय. कोणाचीच असती तर दिली असती का?" मग त्यानं डोळे मिटले. "प्रार्थना एल्वाचीच म्हणतो, मला दुसरी येत नाही. प्रभू, जे दिलंस त्याबद्दल आभार. जे नाही दिलंस त्याचं नंतर बोलू. आमेन. मीठ घे. बटाटाच बटाटा आहे यात."

खरंच बटाटाच बटाटा होता. मी तो अर्धा भाग चार घासांत संपवला. दिवसभरात मला कोणी 'खाल्लंस का' असं विचारलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नाही, नुसतं वाढलं. तो हळूहळू खात होता. शेवटी 'जे'चं टोक राहिलं, ते त्यानं फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. उद्यासाठी.

शनिवारी टॅमसिनचा फोन आला. त्यांच्या फोनवर कोणीतरी कॉफी सांडली होती. एवढंच.

आंटी सहा आठवड्यांनी आली. उजव्या डोळ्यात होती तेवढी नजर राहिली. जास्त नाही, पण आहे तेवढी जाणार नाही असं ते म्हणतात. मी तिला बसवरून थेट माझ्या स्वयंपाकघरात आणलं, कारण तो बुधवार होता आणि मला उद्याचे कांदे चिरायचे होते.

"तुझी पोरगी आली होती बघायला," ती खुर्चीत बसत म्हणाली. "माझ्यासाठी द्राक्षं आणली आणि बोलता बोलता सगळी स्वतःच खाल्ली. बारीक झालेली नाही, काळजी करू नकोस."

मग मी तिला सांगितलं. अक्षरांचं, जॅबेझचं, फोनवरच्या खोट्याचं. चिरता चिरता सांगितलं, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण देता आलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"जॅबेझ कधी पूर्ण खात नाही. अर्धी उद्याला ठेवतो."

मी सुरी खाली ठेवली. "मग तुम्ही उठून आला नाहीत?"

ती चष्म्याआडून ओट्याच्या दिशेनं, बरोबर ओट्याच्याच दिशेनं बघत राहिली.

"एकतीस वर्षं झाली, पोरी," ती म्हणाली. "दर गुरुवारी. मला कधी कोणी म्हणालं नाही, एल्वा, झालं सगळं, तू झोप. तू म्हणालीस. खोटं होतं, पण म्हणालीस. मी म्हटलं, एक रात्र घेऊ हे खरं धरून. प्रभूला सांगितलं, जॅबेझचं आज तू बघ, मी दमलेय." तिनं हात चाचपत माझा हात शोधला, त्याला कांद्याचा वास आला म्हणून सोडून दिला. "नंतर वाईट वाटलं हं. पण झोप लागली."

ओव्हनजवळ जायची तिला आता कायमची बंदी आहे. फेरी माझ्याकडेच राहिली. सहा आठवड्यांचा शब्द दिला होता, त्याला आता सातवा महिना चालू आहे, आणि अजूनही बुधवार उजाडला की माझ्या खांद्यात आधीच कळ येते. व्हर्ना एक आड एक आठवडा सलगम सोलायला येते. सोलताना एवढं बोलते की सलगमाचं सालही दमतं. आंटी टेबलाशी बसून अक्षरं करते. बोटांना डोळे लागत नाहीत.

काल ताट भरल्यावर ती नेहमीसारखी कच्च्या पास्ट्यांवरून बोट फिरवत गेली, एकेक टोक चाचपून. बेनीची, डॉसनची, कॅरीची, जॅबेझचा 'जे', तिची स्वतःची 'ई'. बारा झाल्या. तरी बोट पुढे गेलं आणि थांबलं. ते अक्षर मीच चिकटवलं होतं, ती नाक पुसायला उठली होती तेव्हा.

"हा 'एल' कोणाचा? नवीन घर घेतलंस की काय?"

"नाही. माझीच आहे, लॉरेलची. जॅबेझकडे आता दोघी जातो ना, तर तिघांच्या तीन."

"त्याच्याकडे खुर्च्या दोनच आहेत."

"मी खोक्यावर बसते."

"बरं," आंटी म्हणाली आणि 'एल'चा सुटलेला पाय बोटानं दाबून बसवला. "पण कांदा कमी घालायचास यात. तुला पित्त होतं."

ओव्हन तापायला वीस मिनिटं होती. मी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यावर पाय टाकून बसले.